थट्टेच्या सोयऱ्याला झालेला दंड

कापोन्दे वस्ती,
ऑगस्टचा शेवटचा रविवार

आदरणीय सॅमसनदादा यांस,

धाकटा येलेमिया गुडघा टेकून आणि दोन्ही तळहात वाजवून तुम्हाला व वहिनींना नमस्कार करतो. तुमची पाठ कशी आहे? खाणीच्या गोदामावर राखणीला बसायला अजून तेच मोडकं स्टूल आहे का? निवृत्तीला आता चारच महिने राहिले, तेवढे देवाच्या दयेनं सुखाचे जावोत. वहिनींचं शिवणाचं मशीन दुरुस्त झालं असेल अशी आशा आहे. इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे तुमच्या भावजयीचा, फालेसीचा, खोकला मे महिन्यापासून हललेला नाही, माझा डावा गुडघा देवळात वाकतो पण उठताना ऐकत नाही, लाल कोंबडी मेली आणि वस्तीत एक मोठं मरण झालं. हे सोडलं तर सगळे बरे आहेत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला हसता, तिसऱ्याला रागावता, आणि मला नेमकं चौथं वाक्य सांगायचं असतं. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला मध्येच थांबवता येत नाही.

तर गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मी अंघोळ केली, प्रार्थना केली, लग्नातला कोट घातला, आणि दुसऱ्या माणसासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून बसलो.

खड्डा कापेम्ब्वा आजोबांचा होता. तुम्हाला ते आठवत असतील. तीन वर्षांपूर्वी तुम्ही रजेवर आला होता तेव्हा रोज सकाळी विहिरीकडे जाताना आपल्या कुंपणाशी थांबून 'काय रे उंदीरखाऊ, उंदीर संपले का?' असं ओरडणारे ते म्हातारे. तुम्ही त्यांना लगेच काहीतरी माकडांच्या शेपट्यांबद्दल ऐकवलं होतं आणि ते हसता हसता विहिरीचा दोर विसरून गेले होते. आपण न्गोनी आणि बेम्बा थट्टेचे सोयरे, आपल्या पणजोबांनी एकमेकांशी लढून दमल्यावर यापुढे भाले नकोत, नुसत्या शिव्या पुरेत असं ठरवलं, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही तर या विद्येतले राजे. लुआन्श्याला, तुमच्या खाणीवरच्या त्या बेम्बा मुकादमाच्या मयतीला तुम्ही त्याचाच लोखंडी टोप घालून पेटीसमोर उभे राहिलात आणि कामावर उशिरा आल्याबद्दल पेटीला झापलंत, तेव्हा त्याची विधवा रडता रडता हसून खाली बसली होती. त्या दिवशी मला कळलं की हे काम देवाचंच आहे. पण मला ते कधी जमलं नाही. कुणाला माकडखाऊ म्हणायच्या आधी मी त्याच्या तब्येतीची चौकशी करतो. कापेम्ब्वा आजोबा वीस वर्षं रोज विचारायचे, उंदीर संपले का, आणि मी वीस वर्षं रोज उत्तर द्यायचो, 'नाही आजोबा, अजून आहेत.' (यापुढे माझी मजल गेली नाही. फालेसी म्हणते की अशा उत्तरानं उंदरांनासुद्धा वाईट वाटलं असेल.)

आता मी त्या खड्ड्यात का उतरलो हे सांगण्यासाठी मला शाळेकडे यावं लागतं. तुम्ही म्हणाल, याचं प्रत्येक बोलणं शाळेकडे जातं. खरं आहे. शाळा समितीचा अध्यक्ष झाल्यापासून माझ्याशी हवामानावर बोलायलाही लोक तयार नसतात, कारण मी ढगावरून छपरावर येतो.

आपली शाळा सहावीपर्यंत आहे. सातवीला मुलांना कासेन्सा नदीपलीकडच्या शाळेत जावं लागतं; जायला दोन तास आणि यायला दोन, मध्ये ओंडक्यांचा पूल. म्हणून सातवीची खोली बांधायची असं आम्ही गेल्या वर्षी ठरवलं. जमीन कापेम्ब्वा आजोबांनी दिली, आपल्या मक्याच्या शेताचा कोपरा. विटा वस्तीनं पाडायच्या होत्या. आणि इथेच सगळं अडलं, कारण आपली वस्ती म्हणजे तीन वस्त्या आहेत. विहिरीकडचे बेम्बा, आधी आलेले. नांगर आणि बैल घेऊन दक्षिणेकडून आलेले टोंगा. आणि आपण पूर्वेकडचे, न्गोनी आणि चेवा मिळून, सगळ्यांच्या नंतर आलेले आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे बसणारे. बेम्बांचं म्हणणं, विटा एकत्र केल्या की बैलगाड्या टोंगांच्याच आहेत, त्या रस्ता चुकून टोंगांच्याच अंगणात जातील. टोंगांचं म्हणणं, आपण विटा द्यायच्या आणि खोलीला नाव बेम्बांच्या सरदाराचं. आणि आपल्या पूर्वेकडच्यांचं म्हणणं सगळ्यांत सोपं होतं: अध्यक्ष आपलाच आहे, मग आपण कशाला द्यायच्या?

शेवटी तिघांनी आपापल्या विटा पाडल्या, आपापल्या भट्ट्या रचल्या आणि आपापल्या भट्टीवर पहारा बसवला. सप्टेंबरात तीन ठिकाणांहून धूर निघत होता आणि मी मूर्खासारखा देवाचे तीनदा आभार मानत होतो. दादा, तुम्हाला माहीत आहे, विटांच्या भट्टीचं पोट मोठं लागतं. बाहेरचे थर नेहमी कच्चे राहतात, आतल्या विटा भाजतात. मोठ्या भट्टीत आतलं जास्त आणि बाहेरचं कमी. लहान भट्टी म्हणजे जवळजवळ सगळं बाहेरचंच. तीन लहान भट्ट्यांमध्ये मिळून जेवढ्या विटा पक्क्या निघाल्या तेवढ्यांत कोंबड्यांचं खुराडं झालं असतं, तेही कोंबड्यांनी दाटीवाटीनं राहायचं ठरवलं तर. बाकीच्या पहिल्या पावसात चिखल झाल्या. तिन्ही चिखल सारखेच दिसत होते, पण प्रत्येक जण आपला चिखल ओळखून होता.

खोली झाली नाही. जानेवारीत सातवीची मुलं नदीपलीकडे जायला लागली. फेब्रुवारीत पाणी चढलं आणि हामूंगा मावशीची नात चोलवे पुलावरून गेली. तेरा वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी सापडली. याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मावशी टोंगांमधली सगळ्यांत मोठी बाई, बोलायला तिखट, बाजारात तिच्याशी घासाघीस करायला बाप्ये घाबरतात. त्यानंतर ती बाजारात गेली नाही.

एप्रिलमध्ये शिक्षण खात्याचे एक साहेब मोटरसायकलवरून आले. म्हणाले, ऑक्टोबरअखेर भिंती उभ्या करा, पत्रे आणि एक मास्तर मी देतो. नाहीतर दुसरी वस्ती रांगेत उभी आहे. यंदा सहावीत अकरा मुलं आहेत, दादा. त्यात माझी शेवटची, तुमची लाडकी तियामिके आहे. तिनं तुम्हाला काढून पाठवलेलं ट्रकचं चित्र (तिला तो बैल वाटत होता) तुम्ही भिंतीवर लावलंय असं वहिनी म्हणाल्या होत्या.

मी तीन सभा घेतल्या. तिन्ही सभांना तीन गट तीन झाडांखाली बसले आणि मी मधल्या उन्हात उभा राहून सगळीकडे वळून वळून बोललो, म्हणजे प्रत्येकाला माझं भाषण एक तृतीयांश ऐकू आलं. एक मोठी भट्टी, सगळ्यांच्या विटा एकत्र, कुणाची कुठली ते ओळखू येणार नाही, एवढंच माझं म्हणणं. लोक ऐकायचे, मग एकमेकांकडे बघायचे, मग माझ्या घराच्या दिशेनं बघायचे आणि खोकायचे. तिन्ही झाडांखाली खोकायचे. मी फालेसीला म्हटलं, यंदा धूळ फार आहे, सगळ्या वस्तीला तुझा खोकला लागलाय. तीसुद्धा खोकली.

आणि जुलैत कापेम्ब्वा आजोबा गेले. झोपेत गेले. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि स्वतःसाठीही एक मागणं मागितलं (पाठोपाठ दोन मागण्या करू नयेत हे मला कळतं), की या तीन झाडांखालच्या लोकांना एका जागी बसवण्याचा काहीतरी मार्ग मला दाखव. त्याच प्रार्थनेत मला तुमचा तो लोखंडी टोप आठवला. मी विचार केला, मी थट्टेचा सोयरा आहे. खड्डा अडवून बसण्याचा आणि मागेन ते मिळेपर्यंत पेटी खाली न सोडू देण्याचा माझा हक्क आहे. लोक कोंबडी मागतात, बिअरचं मडकं मागतात. मी एक भट्टी मागेन. त्या वेळी कुणी मला नाही म्हणू शकत नाही आणि कुणी रागावू शकत नाही. वीस वर्षांत न जमलेलं काम म्हाताऱ्यासाठी एकदा नीट करू, असंही वाटलं. दोन दिवस मी गोठ्यात जाऊन शिव्यांचा सराव केला. शेळी बांधलेली होती, नाहीतर निघून गेली असती.

तर मंगळवारी सकाळी सगळी वस्ती खड्ड्याभोवती तीन अर्धवट वर्तुळं करून उभी होती. न्गोसा सुतार, जो बेम्बांचा पुढारी आहे आणि ज्यानं पेटी केली होती, दोर सोडायला वाकला. मी पुढे झालो आणि उडी मारली. खड्डा मला वाटलं होतं त्यापेक्षा खोल निघाला. गुडघ्यानं जो आवाज केला तो सगळ्यांनी ऐकला. तरीही मी मांडी घालून बसलो आणि तुम्ही शिकवलंय तसा पोटातून आवाज काढून ओरडलो, की हे म्हाताऱ्या माकडखाऊ, ही जागा मी अडवली आहे, आयुष्यभर झाडांवर राहिलास, आता जमिनीत कशाला येतोस; माकडांची आणि तुझी सगळी पिलावळ, टोंगा आणि पूर्वेकडचे मिळून एक भट्टी लावण्याचं वचन देत नाहीत तोवर मी इथून उठत नाही!

दादा, मी हसण्याची वाट पाहिली. खड्ड्यातून आकाशाचा एक लांबट तुकडा दिसतो. त्या तुकड्यात एकही चेहरा हसला नाही. मग त्या तुकड्यात हामूंगा मावशीचं डोकं आलं, काळं फडकं बांधलेलं.

"कुणाला म्हणतोस रे माकडखाऊ?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला नाही, यांना. बेम्बांना."

"तो बेम्बा कधीपासून झाला? माझ्या आईच्या पोटचा आहे तो. माझा सख्खा भाऊ. आमच्यात माकड खातात?"

आता तुम्हाला कळलं असेल, माझं काय चुकलं. आपण न्गोनी बापावरून माणूस ओळखतो. बापाचं नाव कापेम्ब्वा, बाप बेम्बा, मग मुलगा बेम्बा. मी वीस वर्षांत दुसरा विचारच केला नाही. पण बेम्बा काय आणि टोंगा काय, दोघंही आईकडून कूळ धरतात. आई टोंगा, तर मुलगा टोंगा. हे त्या खड्ड्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, पाच वर्षांच्या पोरीपासून. फक्त आपल्या न्गोनींना माहीत नव्हतं, आणि त्यांच्यातला एक खड्ड्यात होता. टोंगांचं आणि आपलं थट्टेचं कसलंही नातं नाही. म्हणजे मी लग्नातला कोट घालून एका परक्या प्रतिष्ठित म्हाताऱ्याला त्याच्याच थडग्यात बसून शिव्या दिल्या होत्या.

न्गोसा वाकून मला म्हणाला, "शाबा, वर ये. हा खड्डा तुझ्या मापाचा नाही."

वर यायची माझीही इच्छा होती. पण माती भुसभुशीत, गुडघा निकामी, आणि हात द्यायला कुणी पुढे येईना. मी दोनदा चढलो आणि दोनदा थोडी माती घेऊन खाली आलो. पाद्रीबाबा पुस्तकात बघत राहिले. शेवटी पेटी सोडायचे दोर आधी मला बाहेर काढायला वापरावे लागले. एका दोराला बेम्बा होते आणि दुसऱ्याला टोंगा. (हे माझ्या लक्षात खूप नंतर आलं. त्या वेळी मी फक्त कोटाची शिवण मोजत होतो.) मी वर आलो तेव्हा मावशी म्हणाली, "आता आमचा खरा सोयरा कुठाय?" आणि सगळे मुख्याध्यापक सितली सरांकडे वळले. सितली सर आपल्या वस्तीतले एकुलते एक लोझी, आणि टोंगांचे थट्टेचे सोयरे लोझी. बिचारे छत्रीमागे रडत होते, कारण आजोबा त्यांना रोज भुईमूग आणून द्यायचे. त्यांना पुढे ढकललं. त्यांनी चष्मा पुसला आणि पेटीला म्हणाले, "आजोबा, माफ करा हं, पण तुम्ही जरा... दूध जास्त प्यायचात." आणि हुंदका फुटून खाली बसले. एवढी सभ्य थट्टा मी ऐकलेली नाही. मावशी मात्र हसली. चोलवे गेल्यापासून पहिल्यांदा हसली, असं फालेसी म्हणाली. मी हसू शकलो नाही, तोंडात माती होती.

पुरल्यानंतर लगेच, तिथेच आंब्याखाली, माझ्या दंडाचा निवाडा बसला. आणि आता जे लिहितो ते नीट वाचा, दादा. तीन झाडं होती तरी सगळे एका झाडाखाली बसले. एका चटईवर न्गोसा आणि टोंगांचे म्हातारे मांडीला मांडी लावून. आपले पूर्वेकडचे शरमेनं मागे उभे होते, त्यांनाही बोलावून बसवलं, म्हणाले तुमचा माणूस आहे, तुम्हीही त्याला बोला. आणि ते बोलले! मेथुसेला म्बेवे तर इतका छान बोलला की बेम्बांनी त्याला पाणी दिलं. एप्रिलपासून मी ज्या सभेसाठी उन्हात गोल गोल फिरलो, ती मला शिव्या द्यायला भरली होती. मी मधोमध बसलो होतो आणि मला मनातल्या मनात देवाचे आभार मानावेत की नाही ते ठरत नव्हतं, कारण त्यानं माझं मागणं अगदी शब्दशः पुरं केलं होतं.

मी मावशीला एकच विचारलं. म्हटलं, मावशी, ते टोंगा होते तर वीस वर्षं माझी थट्टा का करत होते? मला उंदीरखाऊ का म्हणत होते?

मावशीनं तपकीर ओढली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, तो पूर्वेकडचा अध्यक्ष बघ ना, त्याच्याशी कुणी थट्टाच करत नाही. निदान एका माणसानं करावी. राहू दे, मी होतो त्याचा बेम्बा."

मी कोटाच्या बाहीवरची माती झटकू लागलो.

मग दंड ठरला. तो मी पत्राच्या शेवटी लिहितो, कारण तुम्ही पत्रं फाटकाशी उभ्यानं वाचता आणि या बातमीला बसलेलं बरं. दंड मान्य केला तर एक भट्टी लागेल, असं न्गोसा म्हणाला आणि कुणी खोकलं नाही.

वहिनींना नमस्कार. तुमची पाठ उबेत ठेवा. तियामिके तुम्हाला आणखी एक चित्र पाठवते आहे, या वेळी खरोखरच बैल आहे.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
येलेमिया शाबा

ता. क. – आता बसा. दंड विटांचा आहे. मी बकरा देतो म्हटलं. दोन म्हटलं. मावशी म्हणाली, "खड्ड्यात बसून तू काय मागितलंस? बकरा? विटा मागितल्यास. मग विटाच दे. तुझ्या घरामागे गवताखाली झोपल्यात त्या." आणि सगळ्या वस्तीनं एकदम श्वास सोडला, आणि मला तो सभांमधला खोकला कळला. दादा, तुमच्या घराच्या विटा. तीन वर्षांपूर्वी तुमच्या रजेत आपण दोघांनी पाडल्या, एका मोठ्या भट्टीत भाजल्या, आणि तुम्ही ओल्या प्रत्येक विटेवर काडीनं तुमचा 'एस' काढलात, कुणी चोरू नयेत म्हणून. मी त्यांच्यावर दर वर्षी नवं गवत शाकारत आलो. पावसाळ्यात रोज हात घालून बघायचो, कोरड्या आहेत ना. त्या तशाच कोरड्या होत्या, गेल्या वर्षी तिन्ही भट्ट्यांचा चिखल झाला तेव्हाही. दुसऱ्यांकडे विटा मागणारा अध्यक्ष स्वतः विटांवर झोपतो, हे सगळ्यांना दिसत होतं. मला दिसत नव्हतं, कारण माझ्या मनात त्या विटा नव्हत्याच, ते तुमचं घर होतं. मी तसं म्हटलंही. म्हटलं, मावशी, त्या माझ्या नाहीत, भावाच्या आहेत. ती म्हणाली, "चोलवेसुद्धा कुणाचीतरी होती."

पुन्हा ता. क. – तेव्हा या पत्राचं खरं कारण असं, की मला तुमची परवानगी हवी आहे. बाबांच्या जागी मी तुम्हाला मानतो आणि तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलेलो नाही. तुम्ही आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलात आणि चार महिन्यांनी इथे यायचंय ते त्या घरासाठी, हे मी रोज सकाळी देवासमोर म्हणतो. तरी विचारतो. लांब उत्तराची गरज नाही. बसच्या कंडक्टरबरोबर नुसतं 'हो' पाठवा. कागदाचा तुकडाही चालेल.

आणखी एक ता. क. – आज सोळा सप्टेंबर. हे पत्र अजून गेलेलं नाही. कंडक्टर पाच वेळा येऊन गेला. मी पाचही वेळा त्याच्याशी त्याच्या मुलाबाळांबद्दल बोललो आणि पत्र बायबलमध्येच ठेवलं. मला भीती वाटत होती ती तुम्ही 'नाही' म्हणाल याची, असं मी स्वतःला सांगत होतो. मग एका पहाटे प्रार्थनेला वाकलो असताना लक्षात आलं, की भीती 'हो'ची होती. तुम्ही 'हो' म्हणाला असतात, दादा. तुम्ही हसून 'हो' म्हणाला असतात आणि मग त्या मोडक्या स्टुलावर जाऊन बसला असतात. ते तुमच्याकडून करवून घेणं मला जमलं नाही. म्हणून अपराध माझा एकट्याचा राहावा, असं ठरवलं. वर मागितलेली परवानगी आता पाठवू नका. नकारही पाठवू नका, उपयोग होणार नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी गवत काढलं. पहिली वीट मी स्वतः डोक्यावर घेऊन शाळेपर्यंत गेलो. परत आलो तेव्हा टोंगांच्या दोन बैलगाड्या दारात उभ्या होत्या आणि बेम्बा भरत होते. कुठल्याही गाडीनं रस्ता चुकवला नाही. (न्गोसा दोन्ही गाड्यांच्या मागे चालत होता, तो भाग वेगळा.) शुक्रवारी वस्तीची एक भट्टी पेटली, सगळ्यांच्या वाळवून ठेवलेल्या विटा एकत्र, पोट असं मोठं की शेकायला तिन्हीकडचे म्हातारे बसतात. तुमच्या विटांवर खिडकीच्या वरपर्यंत भिंत आली आहे, त्यावर त्यांच्या चढतील. मी तुमचा 'एस' बाहेरच्या बाजूला ठेवायला लावला. पहिलीची पोरं त्यावर बोटं फिरवतात. सितली सर म्हणतात, त्यांना बाकीची अक्षरं शिकवायची आहेत, पण मुलं पुढे जायला तयार नाहीत.

तुम्ही आणि वहिनी डिसेंबरात या. आमच्या दोन खोल्यांपैकी विहिरीकडची तुमची; फालेसीनं पडदा शिवायला घेतला आहे. कापेम्ब्वा आजोबांच्या शेतावरून जाताना कुणीतरी मला उंदीरखाऊ म्हणायला हवं, ते काम रिकामं आहे. तुम्ही स्वतः न्गोनी, तुम्हाला ते लागू होत नाही हे मला कळतं. तरी बघा.

एकच सांगायचं राहिलं. तुमच्या घराला पूर्वेकडे मोठी खिडकी हवी, सकाळी चहा घेताना सूर्य दिसावा, असं तुम्ही म्हणाला होतात. मी न्गोसाला सांगून शाळेच्या भिंतीत तशी जागा सोडायला लावली होती. काल हामूंगा मावशी आली, त्या जागेतून बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "पोरांनी शिकताना नदी कशाला बघायची?" न्गोसानं माझ्याकडे पाहिलं, कारण विटा तुमच्या होत्या. मी तुमच्या वतीनं मान हलवली, थापी हातात घेतली आणि ती जागा तुमच्याच विटांनी बुजवून टाकली. तुमच्या घरात तुमच्या मनाविरुद्ध झालेली तेवढी एकच गोष्ट.